माशांच्या पहिल्या टाकीत कोणती झाडं लावावीत?

सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) सिलिंडर, महागडी माती यांच्या नादी आत्ता लागू नका. जावा फर्न आणि अनुबियास घ्या, बस. कमी उजेडातही तग धरतात; वाढ मात्र अगदी हळू.

एकच सांभाळा: मुळं-पानं फुटतात ते आडवं, जाड खोड वाळूत पुरलं की कुजतं. सगळे नवखे नेमकं तेच करतात! दोऱ्याने दगडाला बांधा, मुळं आपोआप पकड घेतात.

- दिवा ६ ते ८ तास. जास्त ठेवलात, की शेवाळ. खिडकीतलं ऊनही नको.
- नाशिकमध्ये नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, पण क्लोरीनसकट. बादलीत दिवसभर उघडं ठेवून मग ओता.

सुरुवातीला जुनी पानं पिवळी पडतील. झाड उपटू नका, तेवढी पानं कापा.