टॅब बंद केला म्हणजे लॉगआउट झालं का?

प्रश्न: दादा, मी घरून दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेते, मोठे मेसेज टाइप करायला बरं पडतं म्हणून हॉलमधल्या काँप्युटरवर व्हॉट्सॲप वेब लावते. परवा मुलाचे मित्र गेम खेळायला आले होते, आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावाने "सर्वांना चकल्या फुकट" असा मेसेज गेला! फोन तर माझ्या हातातच होता. मी काम झालं की टॅब बंद करते. अकाउंट हॅक झालंय का? मिस्टर म्हणतात व्हॉट्सॲपला एन्क्रिप्शन असतं, काही होत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, हॅक वगैरे काही नाही, पोरांनी चकल्या वाटल्या. टॅब बंद केल्याने लॉगआउट होतच नाही, पुन्हा ती साइट उघडली की तुमचं सगळं चॅट जसंच्या तसं समोर. पूर्वी फोनचं नेट बंद असलं की वेबपण बंद पडायचं, पण 2021 नंतर नवीन पद्धत आली त्यात फोन जवळ नसला, बंद असला तरी काँप्युटरवर चालू राहतं. सलग 14 दिवस फोनवर व्हॉट्सॲप उघडलंच नाही तरच बाकीचे डिव्हाइस सुटतात, आणि तुम्ही तर ऑर्डरी घेता, 14 मिनिटं तरी राहता का.

मिस्टरांचं एन्क्रिप्शन खरं आहे, पण ते वाटेतलं, म्हणजे मेसेज जाता-येता मधल्या कुणाला वाचता येत नाही एवढंच. पोस्टातून सीलबंद आलेलं पाकीट आपणच फोडून टीपॉयवर ठेवलं तर त्याला पोस्टमन काय करणार?

आता फोन घ्या, व्हॉट्सॲपमध्ये वरच्या तीन टिंबांवर (आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये) लिंक्ड डिव्हाइसेस उघडा. जोडलेल्या प्रत्येक काँप्युटरपुढे शेवटचं कधी वापरलं ते दिसतं. नको त्यावर टॅप करून लॉगआउट करा, झेरॉक्सवाल्याकडे आधार प्रिंट काढताना लावलेलं तिथेच राहिलं असेल तर तेही सापडेल. घरी रोज लॉगआउटचा कंटाळा येत असेल तर व्हॉट्सॲप वेबच्याच सेटिंग्जमध्ये, प्रायव्हसीत, पासवर्डचं लॉक लावता येतं. पण खरा इलाज म्हणजे विंडोजमध्ये मुलाचा वेगळा युजर करा आणि तुमच्या युजरला पासवर्ड ठेवा, कुकरची शिट्टी झाली की उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबायचं, स्क्रीन लॉक.

अजून एक, लॉगआउट केलं तरी उतरवलेल्या फायली डाउनलोड्समध्ये पडूनच असतात. हे लिहिता लिहिता मी आमच्या घरचं फोल्डर उघडलं तर मावसभावाचं पॅनकार्ड, कॅन्सल चेक, कुणाचा तरी ब्लड रिपोर्ट, सगळं 2021 पासूनचं, आणि आमच्याकडे शेजारची मुलं प्रोजेक्टचे प्रिंट काढायला येतात! आणि फोनचे एसएमएस काँप्युटरवर दिसायला गूगल मेसेजेसपण जोडलं असेल तर ते आधी काढा, तिथे बँकेचा ओटीपीसुद्धा स्क्रीनवर येतो.

प्रश्न: मावशींच्या नंबरवरून लग्नपत्रिकेची फाइल आली, फोनवर उघडत नाही म्हणून काँप्युटरवर उघडू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: थांबा!! विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे "पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई" नुसती "पत्रिका.पीडीएफ" दिसते. फोल्डरच्या व्ह्यू मेनूत फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करून बघा, शेवटी ईएक्सई किंवा व्हीबीएस असेल तर ती पत्रिका नाही, प्रोग्राम आहे, डिलीट करा. आधीच क्लिक केलं असेल तर नेट काढा, आणि बँकेचे, ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, त्या काँप्युटरवरून नको. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आणि मावशींना मेसेज नको, सरळ कॉल करा, त्यांचं व्हॉट्सॲप दुसरंच कोणी चालवत असेल तर मेसेजला उत्तरही तोच देईल.