मोंबासाला निघण्याआधी

नैरोबी, १९४६

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मोंबासाला उतरून अनामत भरली की आत घेतात, असं मुंबईचा दलाल म्हणतो, ते खरं का, असं तू विचारलंस. पूर्वी बरंचसं खरं होतं. १९०६ च्या कायद्याने ज्याच्या पोटापाण्याचं साधन दिसत नाही त्याला अडवत. अनामत किंवा जामीन दिला की काम होई. १९४४ पासून तेवढ्यावर भागत नाही. लढाईच्या नियमांखाली बाहेरून येणाऱ्या पुरुषांवर बंधन घातलं; केनियात, तसंच युगांडा-टांगानिकातही. आधी परवाना, मगच प्रवेश. नाही तर आलेल्या बोटीने परत, आणि तो भुर्दंड बोटकंपनीवर, म्हणून तीही कागद बघितल्याशिवाय घेत नाही. दलालाला एक पैसा देऊ नकोस.

सरकारचं म्हणणं, धान्य नाही, घरं नाहीत, आणि फौजेतून सुटणाऱ्यांना नोकऱ्या राखायच्या आहेत. टंचाई खोटी नाही. ब्रह्मदेश पडल्यापासून तांदूळ दुर्मिळ झाला, आणि न्गारा-पांगानीत एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं आहेत. पण विलायतेतल्या गोऱ्या सैनिकांना मात्र इथे येऊन शेती करा म्हणून योजना आखून बोलावतात. ज्या डोंगरपट्ट्यात आपल्याला जमीन घेता येत नाही, तिथेच! लढाई संपली, तरी नियम उठले नाहीत. उलट त्याच धर्तीचं कायमचं बिल आलं आहे. हिंदुस्थान सरकारने सर महाराज सिंगांचं शिष्टमंडळ पाठवलं खरं, पण त्या भरवशावर तू नोकरी सोडू नकोस.

आपल्या लोकांत याबद्दल फार संताप आहे, मलाही आहे. मात्र इथला आफ्रिकन माणूस आपल्याच मुलखात बोटांचे ठसे असलेला किपांडे, म्हणजे नोंदणीचा दाखला, जवळ बाळगून हिंडतो, हे रोज दिसतं, तेव्हा आपली तक्रार जरा हलक्या आवाजात करावीशी वाटते.

पगाराचं ऐक. रुपयाला दीड शिलिंग धरून तू हिशेब केलास तो बरोबर, पण इथली महागाई त्यात धरली नाहीस. शिवाय गोऱ्यांची पगारश्रेणी निराळी, आपली निराळी.

ताईला समुद्राचं भय वाटतं, ते साहजिक आहे. १९४२ च्या नोव्हेंबरात मुंबईहून इकडे निघालेली तिलावा जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसं गेली. आता पाणबुड्यांची भीती उरली नाही. स्वेटर मात्र आण. नैरोबी साडेपाच हजार फुटांवर आहे, जुलैत चांगलं गारठतं.

मॅट्रिकचा दाखला, टंकलेखनाचं प्रमाणपत्र आणि फोटो रजिस्टर्ड टपालाने पाठव. आमच्या पेढीच्या शेठजींना तुझ्या परवान्यासाठी अर्ज कराल का, असं तोंडी विचारलं आहे. हो म्हणाले नाहीत, पण कागद बघू म्हणाले.