बोलणी चालू असली तरी मुदत थांबत नाही

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखानदारांचे पत्र आले आहे. चेन्नईच्या एका कंपनीला त्यांनी ऑक्टोबर 2022 ते एप्रिल 2023 या काळात पाच बिलांवर माल पुरवला. सप्टेंबर 2023 मध्ये कोणत्या बिलापोटी ते न सांगता कंपनीने चार लाख रुपये जमा केले, आणि उरलेले चौतीस लाख अद्याप येणे आहेत. परचेस ऑर्डरच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत सतरावे कलम आहे: वाद झाल्यास तो एकाच लवादापुढे जाईल, त्या लवादाची नेमणूक कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक करतील आणि लवादाचे स्थान चेन्नई राहील. पत्रलेखकांना मात्र पुण्याच्या वाणिज्य न्यायालयात दावा लावून कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याची उलटतपासणी घ्यायची आहे. 'हल्ली व्यापारी दावे साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचतच नाहीत, हे खरे का?' असेही त्यांनी विचारले आहे. अशाच आशयाची पत्रे सतत येत असतात, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देत आहे.

माल चांगला होता, चलनांवर पोच आहे, दर ठरलेला होता, याविषयी आपण तीन पाने लिहिली आहेत. त्याबद्दल मला शंका नाही आणि बहुधा कंपनीलाही नाही. आपल्या प्रकरणाचा निकाल ज्यावर ठरणार आहे ती गोष्ट आपल्या पत्रात एका ओळीतही नाही. लवादाची मागणी करणारी लेखी नोटीस कंपनीच्या हाती कोणत्या तारखेला पडली? आपल्या पत्रावरून दिसते की अशी नोटीस आपण कधी पाठवलेलीच नाही. अडीच वर्षांहून अधिक काळ फोन, व्हॉट्सॲपवरची स्मरणपत्रे आणि 'पुढच्या महिन्यात नक्की' ही आश्वासने यांतच गेला. 'बोलणी चालू आहेत तोवर मुदतीची काळजी नको' असे आपल्या हिशेबनीसांनी सांगितले आणि आपण ते मानले. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे आणि त्यापायी बुडालेले खरे येणे मी फार वेळा पाहिले आहे.

मुदत कायदा, 1963 प्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करायला तीन वर्षांची मुदत असते. उधारीचा काळ ठरलेला असेल तर ती त्या काळाच्या अखेरीपासून मोजतात आणि ठरलेला नसेल तर माल दिल्याच्या तारखेपासून. लवाद कायदा, 1996 च्या कलम 43 मुळे हाच हिशेब लवादालाही लागू होतो. त्याच कायद्याच्या कलम 21 नुसार, पक्षकारांनी वेगळे ठरवले नसेल तर, वाद लवादाकडे सोपवण्याची मागणी समोरच्या पक्षाला मिळते त्या दिवशी लवाद प्रक्रिया सुरू झाली असे धरतात. आपण नोटीस पाठवली तो दिवस येथे धरत नाहीत, कंपनीला ती मिळाली तो दिवस धरतात. 'पैसे द्या' एवढेच म्हणणारी वकिलाची नोटीसही पुरत नाही. वाद लवादाकडे नेण्याची मागणी तीत स्पष्ट शब्दांत असावी लागते.

आता आपली बिले पाहू. आपण चौतीस लाखांची एकच थकबाकी धरून चालला आहात, परंतु कंपनीचे वकील तसे धरणार नाहीत. साध्या खरेदी-विक्रीत प्रत्येक बिलाची मुदत सामान्यतः स्वतंत्रपणे चालते. आपली उधारी साठ दिवसांची होती. पहिल्या बिलाचा माल 20 ऑक्टोबर 2022 रोजी पोचला, म्हणजे रक्कम 19 डिसेंबर 2022 रोजी देय झाली आणि तीन वर्षे 19 डिसेंबर 2025 रोजी संपली. दुसऱ्या बिलाचा माल 14 डिसेंबर 2022 चा आहे आणि त्याची मुदत 12 फेब्रुवारी 2026 रोजी संपते. हे उत्तर मी त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लिहीत आहे. शेवटचे बिल 12 एप्रिल 2023 चे आहे, त्यामुळे ते 11 जून 2026 पर्यंत जिवंत राहील. लघुउद्योगांना पंचेचाळीस दिवसांपेक्षा अधिक उधारी लावता येत नाही असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा सांगतो. त्याचा आधार घेऊन कंपनी या तारखा आणखी पंधरा दिवस मागे ओढू पाहील, हेही गृहीत धरा.

पहिले बिल मात्र लगेच सोडून देऊ नये. पैसे देणाऱ्याने ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे सांगितले नसेल, तर करार कायद्याच्या कलम 60 नुसार येणेकऱ्याला ती रक्कम आपल्या पसंतीच्या देण्याकडे वळवता येते. ते चार लाख पहिल्या बिलात वळते केल्याचे नोटिशीत लिहा. त्या भरण्यामुळे पहिल्या बिलाची मुदत सप्टेंबर 2023 पासून नव्याने सुरू झाली असाही युक्तिवाद करता येईल. मात्र त्यासाठी भरण्याची देणेकऱ्याच्या हस्ताक्षरातील किंवा सहीची लेखी नोंद लागते, आणि बँकेतून परस्पर झालेल्या जमेला ही अट कितपत लागू पडते यावर वाद होऊ शकतो. डिसेंबर 2024 मध्ये कंपनीच्या लेखा विभागाने 'हिशेब जुळवून मार्चअखेर पैसे सोडतो' असा ईमेल पाठवला होता. तो देण्याची लेखी कबुली ठरला तर पाचही बिलांना त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. 'हिशेब जुळवून' म्हणजे कबुली नव्हे, असे कंपनी म्हणेल. म्हणून तो ईमेल जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर एक दिवसही काढू नका.

वाणिज्य न्यायालयातला दावा मला या प्रकरणात व्यर्थ वाटतो. तीन लाख व त्यावरील व्यापारी वादात तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे आधी मध्यस्थी करावीच लागते. ही पायरी गाळून लावलेला दावा फेटाळला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. मध्यस्थीचे तीन महिने मुदतीतून वगळले जातात हे खरे. परंतु मध्यस्थी फसून दावा लागला की कंपनी आपली पहिली कैफियत देण्यापूर्वी लवाद कायद्याच्या कलम 8 खाली अर्ज करील, सतरावे कलम दाखवील आणि न्यायालयाला बहुधा आपल्याला लवादाकडेच पाठवावे लागेल. चुकीच्या ठिकाणी गेलेला वेळ सद्भावनेने गेला असेल तर तो वगळून मिळतो; पण ते कलम स्वतःच्या पत्रात उतरवून देणाऱ्या माणसाला सद्भावनेचा दावा करणे जड जाईल.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले आहे. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांत 1962 साली निकाली निघालेल्या दिवाणी प्रकरणांपैकी 11.5 टक्के प्रकरणे प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत जात. 2002 पर्यंत हे प्रमाण 1.8 टक्क्यांवर आले. तेथे सुनावणीपूर्वीचा कागदपत्रांचा खर्च इतका वाढला की पक्षकार आधीच तडजोड करतात. आपल्याकडे लोकांना न्यायालयाबाहेर ढकलले ते विलंबाने. मुद्दे काढण्यातच वर्षे जातात, साक्षीदार निवृत्त होतात, भागीदारी मोडते, आणि मग संसद लवाद (1996), वाणिज्य न्यायालये (2015 व 2018) आणि मध्यस्थी (2023) यांविषयी एकामागून एक कायदे करून वाद न्यायालयाबाहेर सुटावेत अशी सोय करते. लहान येणेकऱ्याचा त्यात पुष्कळदा फायदा होतो, हे मी मान्य करतो. तरी याची किंमत मोजावी लागते. लवादाची कार्यवाही गोपनीय राहते, तडजोड तर त्याहून. एखाद्या मोठ्या खरेदीदाराची छापील अट अन्यायकारक आहे असे जाहीर निकालपत्र निघत नाही, आणि भोसरीतील पुढचा कारखानदार तीच अट तशीच सही करून मान्य करतो. न्यायालयांनी व्यापारी दाव्यांचे साक्षीपुरावे वेळेत घेतले असते तर आपल्यासारख्यांना हा प्रश्न विचारावा लागला नसता.

सतराव्या कलमातील एका भागाला मात्र आपण भिऊ नये. निकालात हितसंबंध असलेला व्यवस्थापकीय संचालक एकतर्फी लवाद नेमू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पर्किन्स ईस्टमन प्रकरणात 2019 मध्ये म्हटले. नोव्हेंबर 2024 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही एकतर्फी नेमणुकीच्या अटी समानतेच्या तत्त्वाला धरून नाहीत असा निर्णय दिला. नेमणुकीची ही पद्धत गळून पडली तरी लवादाचा करार टिकतो. म्हणून नोटिशीत आपणच दोन-तीन नावे सुचवा. तीस दिवसांत सहमती झाली नाही तर लवाद कायद्याच्या कलम 11 खाली उच्च न्यायालयाकडे जाता येते आणि त्या अर्जाला वेगळी तीन वर्षांची मुदत आहे. कंपनीने आपला लवाद नेमून 'हरकत नसल्याचे' पत्र मागितले तर त्यावर सही करू नका. वाद उद्भवल्यानंतर दिलेली तशी लेखी संमती कायद्याने ग्राह्य धरली जाते आणि मग हा आक्षेप कायमचा जातो.

चेन्नईला जाणे टाळण्याचा एक मार्ग दिसतो. आपली उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे असे आपण लिहिले आहे, पण तिची तारीख दिलेली नाही. 2006 च्या कायद्याच्या कलम 18 खाली आपल्याला महाराष्ट्रातील सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जाता येते. खरेदीदार देशात कोठेही असो, पुरवठादार जेथे आहे तेथील परिषदेला अधिकार असतो आणि करारातील लवादाच्या अटीपेक्षा हा कायदा वरचढ आहे. ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने महाकाली फूड्स प्रकरणात ऑक्टोबर 2022 मध्ये निश्चित केली. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने, आणि निवाड्याविरुद्ध जाण्यापूर्वी कंपनीला पंच्याहत्तर टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते. अडचण अशी की त्याच निकालात करारापूर्वीच्या नोंदणीचा आग्रह आहे. जानेवारी 2025 मध्ये दुसऱ्या पीठाने याविषयी वेगळे मत दाखवून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. नोंदणी ऑर्डरच्या आधीची असेल तर निःशंकपणे परिषदेकडे जा. नंतरची असेल तर तो मार्ग किती टिकेल हे मी खात्रीने सांगणार नाही. नव्वद दिवसांत निर्णय व्हावा असे कायदा म्हणतो, पण त्यावर आपले आर्थिक नियोजन आधारू नका.

दोन्ही परिस्थितींत कलम 21 ची नोटीस आजच काढा आणि 2006 च्या कायद्याखालील हक्क राखून ती देत असल्याचे तीत नमूद करा. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला आणि ऑर्डरवरील पत्त्याला स्पीड पोस्टने पाठवा, शिवाय ज्या ईमेलवर नेहमीचा पत्रव्यवहार झाला त्यावरही पाठवा, आणि पोचल्याचा पुरावा छापून ठेवा. दुसऱ्या बिलाची रक्कम या काही दिवसांवर अवलंबून आहे. खर्चाची भीती असेल तर सांगतो: लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीप्रमाणे चौतीस लाखांच्या वादात एकट्या लवादाचे शुल्क पावणेदोन लाखांच्या आसपास येते आणि सामान्यतः ते सुरुवातीला दोन्ही पक्ष निम्मे-निम्मे भरतात. दिवाळखोरी संहितेची धमकी देऊ नका. तिच्याखाली जायला किमान एक कोटीची थकबाकी लागते आणि कंपनीचे वकील ते जाणतात.

नोटीस मिळताच कंपनी आपल्याला भेटीला बोलावण्याची शक्यता आहे. जरूर जा. तडजोड झाली तर रक्कम, हप्ते आणि देणे मान्य असल्याचे वाक्य संचालकाच्या सहीने लेखी घ्या, आणि शेवटचा हप्ता खात्यात जमा होईपर्यंत नोटीस मागे घेऊ नका.