पिट लेनमधून : मॅनेजर नक्की कोणाचा?

प्रश्न : २०२२ मध्ये फॉर्म्युला वनच्या अल्पीन टीमनं ड्रायव्हर म्हणून ऑस्कर पियास्त्रीचं नाव जाहीर केलं आणि त्याच दिवशी त्यानं ‘मी तिकडे गाडी चालवणार नाही’ म्हणून सांगून टाकलं. करार नुसते नावापुरते असतात का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर)

नावापुरते अजिबात नसतात. अल्पीनच्याच फर्नांडो अलोन्सोनं आदल्याच दिवशी, १ ऑगस्टला, अ‍ॅस्टन मार्टिनकडे जाणार असल्याचं जाहीर केलं होतं. रिकाम्या जागेवर अल्पीननं आपल्याच तालमीतल्या पोराला गृहीत धरलं. पण मॅक्लारेन या दुसऱ्या टीमशी त्याचा ४ जुलैचा करार होता. वाद गेला कॉन्ट्रॅक्ट रेकग्निशन बोर्डाकडे, म्हणजे टीम आणि ड्रायव्हर यांच्यातल्या करारांचा निवाडा करणाऱ्या वकिलांच्या मंडळाकडे. २ सप्टेंबरला त्यांनी सांगितलं, मॅक्लारेनचा करार तेवढाच ग्राह्य.

हे मंडळ नेमायची वेळ आली मायकेल शुमाकरमुळे. २५ ऑगस्ट १९९१, बेल्जियमचं स्पा. जॉर्डन टीमच्या हिरव्या गाडीत अगदी नवखा पोरगा पात्रता फेरीत सातवा आला, आणि शर्यतीत पहिल्याच फेरीत क्लच गेला. दोन आठवड्यांनी इटलीतल्या मॉन्झाला तो बेनेटन टीमच्या गाडीत! जॉर्डन टीमचे मालक एडी जॉर्डन सांगायचे की शुमाकरच्या सहीच्या पत्रात इंग्रजीतला ‘द’ बदलून ‘ए’ केला होता. ‘हा करार करीन’चं ‘एखादा करार करीन’ झालं. बदललं ते एवढंच अक्षर, आणि ड्रायव्हर गेला.

माझा जीव मात्र दर वेळी रॉबेर्तो मोरेनोसाठी तुटतो. बेनेटनमधली ती जागा त्याची होती. स्पाला तो चौथा आला होता, शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच. तरी काढला. मॉन्झाला शुमाकर पाचवा आला आणि त्याच्या पाठोपाठ त्याच टीमचा, तीन वेळचा जगज्जेता नेल्सन पिके. बेनेटनचा कारभार तेव्हा फ्लाव्हियो ब्रियातोरे बघत होते. पिके आणि ब्रियातोरे, ही दोन नावं लक्षात ठेवा, खालच्या पत्रात परत येतील.

प्रश्न : रेड बुलच्या दोन टीम आहेत. धाकटीनं थोरलीला मदत केली तर कोण अडवणार? (दुकानदार, सातारा)

नियमानं कोणी अडवलं नाही. २०२४ च्या सिंगापूर शर्यतीत धाकट्या टीमचा डॅनियल रिकार्डो पार मागे होता. पहिल्या दहात नसल्यामुळे वेगवान फेरीचा जादा गुणही त्याला मिळणार नव्हता. तरी शेवटी नवे टायर घालून त्यानं ती फेरी मारली. मॅक्लारेनचा लँडो नॉरिस शर्यत जिंकला, पण तो एक गुण हुकला. आणि नॉरिसशी विजेतेपदाची झुंज होती ती थोरल्या टीमच्या मॅक्स व्हर्स्टापेनची. मॅक्लारेननं जाहीर नाराजी दाखवली. २०२५ पासून तो गुणच रद्द झाला. एकाच मालकाच्या दोन टीम मात्र आहेत तशाच आहेत, आणि मला ते मुळीच पटत नाही.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा, कार्टिंग करतो. जे शिकवतात तेच आता म्हणतात, ‘गाडी आमची, टीम आमची, मॅनेजरही आम्हीच. दहा वर्षं सगळं बघतो, कमाईत वाटा द्या.’ माणसं चांगली आहेत, तरी मन धजत नाही. फॉर्म्युला वनमध्येही असंच असतं म्हणे. (एक आई, कोल्हापूर)

ताई, असतं. म्हणूनच तुमचं मन बरोबर सांगतंय.

२८ सप्टेंबर २००८, रात्रीची सिंगापूर शर्यत. तेव्हा रेनॉल्ट टीममध्ये असलेला अलोन्सो पंधराव्या जागेवरून निघाला आणि बाराव्या फेरीलाच पेट्रोल भरायला आत आला. दोन फेऱ्यांनी त्याच्याच टीमचा नेल्सन पिके ज्युनियर, त्या तीन वेळच्या जगज्जेत्याचा मुलगा, सतराव्या वळणावर भिंतीवर आदळला. तिथे गाडी उचलायला क्रेन नव्हती. सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना आपल्या मागे सावकाश चालवायला लावणारी गाडी, आली. पुढच्यांना नंतर पेट्रोलसाठी थांबावं लागलं, अलोन्सोचं आधीच भरून झालं होतं, आणि तो जिंकला. अलोन्सोला यातलं काही ठाऊक असल्याचा पुरावा मिळाला नाही.

पुढच्या वर्षी मध्येच काढून टाकल्यावर पिके ज्युनियरनं एफआयएला, म्हणजे मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेला, सांगितलं, की मला मुद्दाम आदळायला सांगितलं होतं. टीमचे बॉस होते ब्रियातोरे. त्यांनी आरोप नाकारला. एफआयएनं त्यांच्यावर कायमची बंदी घातली, शिवाय ते ज्यांचे मॅनेजर आहेत अशा ड्रायव्हरना लायसन्स देणार नाही असंही ठरवलं. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं ती बंदी उठवली.

आता त्या पोराच्या जागी बसून बघा. वय तेवीस, पुढच्या वर्षीचं काही नक्की नाही, आणि शर्यतीआधी असलं काही कानावर येतं. अशा वेळी ड्रायव्हर मॅनेजरला फोन लावतो. मॅनेजरनं टीमच्या बॉसला ठणकावायचं असतं, ‘माझ्या पोराला असलं सांगायचं नाही.’ पण पिके ज्युनियरचे मॅनेजरही ब्रियातोरेच होते. त्यानं फोन लावायचा कोणाला?

दर वेळी इतकं वाईट होतं असं नाही. मर्सिडीज टीमचे बॉस टोटो वोल्फ हे ड्रायव्हर वाल्टेरी बोट्टासच्या मॅनेजमेंटमध्ये होते. जानेवारी २०१७ मध्ये त्याला मर्सिडीजमध्ये घेतलं तेव्हा ते त्यातून बाजूला झाले. बोट्टासनं तिथे दहा शर्यती जिंकल्या. मला वोल्फचं ते बाजूला होणं महत्त्वाचं वाटतं.

मी स्वतः अठरा वर्षं रॅलीत नॅव्हिगेटर होतो. एका टीमचा मालकच माझे प्रायोजकही बघायचा. नाशिकला रॅलीआधी त्यानं बोनेटवर कागद ठेवला, पेन दिलं, मी सही केली. दुसरीकडून बोलावणं आलं तेव्हा कळलं, मला सोडायचं की नाही हे तोच ठरवणार. दोन मोसम घरी बसलो.

तर ताई, शिकवणी त्यांच्याकडेच चालू ठेवा. मॅनेजरचा कागद वेगळा करा, आणि तो माणूस त्या टीमचा पगार घेणारा नको. दहा वर्षं तर नाहीच. दोन, फार तर तीन, आणि कधी, कसं बाहेर पडता येईल ते कलम त्यात स्पष्ट हवं. अठराच्या आतल्या मुलाची सही आपल्या करार कायद्यात चालत नाही, त्यामुळे सही तुमची मागतील आणि अडकाल तुम्ही. आधी वकिलाला दाखवा. नावं झाकून झेरॉक्स मलाही पाठवा. ‘आजच करा, उद्या जागा जाईल’ असं म्हणाले, तर त्या दिवशी सही करू नका.