आजोबांची वेब्ली: कानस खाली ठेवा

आजोबांची वेब्ली मार्क 6 रिव्हॉल्व्हर परवान्यासकट तुमच्या नावावर झाली, छान झालं. पण झिजलेले भाग घरी घासायला बसू नका, कळकळीने सांगतो. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 5 दुरुस्तीलाही परवाना मागतं, म्हणून काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या. 1915 सालचं हे मॉडेल मधून दुमडून उघडतं. वरची कडी सैल झाली असेल किंवा गोळ्यांचं चक्र डुगडुगत असेल तर तेवढं गनस्मिथला सांगा. तुम्ही फक्त रिकामं असल्याची खात्री करून सुती फडक्याने तेलाचा पातळ हात फिरवा. पॉलिश पेपर अजिबात नको! ब्रिटिश सरकारची मालकी दाखवणारा बाणाचा ठसा एकदा पुसला गेला की परत येत नाही.