हस्तकला शिकताना सुरुवात कशापासून करावी?

प्रश्न : आमच्या बचत गटात चर्मवस्तूंचा अभ्यासवर्ग सुरू होत आहे. काही जणींना आधी नक्षी शिकायची आहे, तर काहींना अवजारे. हस्तकलेचे मूलभूत घटक कोणते आणि आधी काय शिकावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कच्चा माल, अवजारे, तंत्र आणि रचना हे चार घटक सर्वसाधारणपणे सांगितले जातात, परंतु मालाची जाण नसेल तर उरलेल्या तिन्हींचे शिक्षण वरवरचे राहते, असे माझे ठाम मत आहे. कोल्हापुरी चपलेचेच उदाहरण घ्या. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे आहेत आणि सांगली त्यांपैकी एक आहे.

या चपलेचे चामडे पारंपरिक पद्धतीने कमावताना कातडे चुन्यात मुरवून त्यावरील केस काढतात आणि मग ते बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात बरेच दिवस ठेवतात. या पाण्यातील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना घट्ट धरते, त्यामुळे चामडे कुजत नाही, टणक होते आणि तरीही ओले केले की हवे तसे वळते. क्रोम या धातूच्या क्षारांनी चामडे फार लवकर कमावता येते, पण ते मऊ व ताणले जाणारे असते. जाड, ताठ तळासाठी त्याचा तितका उपयोग नाही.

पुढचे सगळे काम या गुणांवरच बेतलेले आहे. तळाचे जाड चामडे भिजवून, ठोकून सपाट करतात आणि रापीने कापतात. आरीने भोक पाडून त्यातून चामड्याचीच बारीक वादी ओवून ओढून घेतात, म्हणूनच अस्सल कोल्हापुरीत खिळा सापडत नाही. वरच्या पट्ट्यावरची वेणी मात्र जाड चामड्याची होऊच शकत नाही. तिच्यासाठी पातळ चामड्याच्या पट्ट्या लागतात, आणि हे नाजूक काम अनेक घरांत स्त्रियाच करतात, ज्याची नोंद फारशी कोणी घेत नाही.

त्यामुळे पहिले काही दिवस नक्षी बाजूला ठेवून प्रत्येकीच्या हाती जाड, पातळ, कोरडे आणि भिजवलेले असे चामड्याचे तुकडे द्यावेत. ते वाकवून, कापून, टाके घालून पाहावेत. शिकवायला जवळपासच्या अनुभवी कारागिराला बोलवावे आणि त्याला योग्य मानधन द्यावे.