प्राध्यापकांचे पगार वाढवल्याने विद्यापीठांतील अध्यापनाचा दर्जा सुधारतो का?

सुधारू शकतो. मात्र पगाराचा पहिला परिणाम वर्गात नव्हे, तर नेमणुकीच्या वेळी होतो आणि तिथेच तो बहुधा नासतो. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन दरमहा 57,700 रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. त्याच विभागात तेच विषय तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) उत्तीर्ण शिक्षकाला केवळ घेतलेल्या तासांचे मानधन मिळते.

मी अनेक वर्षे तसा शिकवत होतो. पीएच.डी. झाल्यावर एका अनुदानित महाविद्यालयात पूर्णवेळ जागेसाठी मुलाखत दिली. विषयतज्ज्ञांनी प्रबंधाविषयी आस्थेने विचारले. बाहेर आल्यावर संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने इमारत निधीचा विषय काढला. त्याने सांगितलेली रक्कम काही वर्षांच्या पगाराइतकी होती आणि ती ठरवताना नवी वेतनश्रेणी हिशेबात धरली होती, हे त्याने लपवलेही नाही. माझ्या एका सहाध्यायाने ती रक्कम भरली आणि तो रुजू झाला. पगार चांगला असला की चांगली माणसे येतात, असे तो तेव्हापासून मला ऐकवत आला आहे. पण जागेची बोली लागत असेल, तर पगारवाढीने बोलीच वाढते आणि ऐपत नसलेला अभ्यासू उमेदवार आणखी मागे पडतो.

पुढे पदोन्नतीतही पैसा ज्याला जोडावा तेच फोफावते. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2010 मध्ये पदोन्नतीसाठी गुणांकन आणले, तेव्हा शोधनिबंध वाढले (संशोधन वाढले असे मी म्हणणार नाही) आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. 2018 मध्ये यूजीसीला स्वतःच्याच मान्य यादीतून 4,305 नियतकालिके वगळावी लागली.

याचा अर्थ कमी पगारात दर्जा टिकतो असा मुळीच नाही. तास संपताच दुसऱ्या महाविद्यालयाची बस गाठावी लागणारा शिक्षक विद्यार्थ्यांच्या शंका ऐकायला थांबू शकत नाही. शिवाय मला घडवणारे प्राध्यापक पूर्ण वेतनावरचेच होते, हेही नोंदवले पाहिजे. आपण या पेशात येणार असाल, तर वेतनश्रेणीआधी त्या संस्थेतील मागील नेमणुका कशा झाल्या याची चौकशी करावी.

माझ्या सहाध्यायाच्या विभागातील निम्म्याहून अधिक तास आजही तासिका तत्त्वावरील शिक्षकच घेतात. पगाराने दर्जा येतो हे त्याला मनापासून पटत असते, तर त्यांच्या समान वेतनाच्या निवेदनावर त्याने सही केली असती. ती त्याने अद्याप केलेली नाही.